जपानची अर्धव्यावसायिक महिला फुटबॉल लीग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२२ मध्ये जपानचा महिला संघ पुण्याच्या बालेवाडीत आशियाई चषकाचे सामने खेळला, तेव्हापासून या संघामागे कोणती लीग उभी आहे, अशी विचारणा वाचकांकडून होत आली आहे. ती लीग म्हणजे नादेशिको लीग. नेहमी येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अर्धव्यावसायिक लीग म्हणजे नेमके काय? खेळाडूंना पैसे मिळतात की नाही?

काहींना मिळतात, बऱ्याच जणींना मिळत नाहीत, आणि या दोन्ही प्रकारच्या खेळाडू एकाच संघात असतात, हेच अशा लीगचे वैशिष्ट्य आहे. एखाद्या संघात दोन-चार जणी पूर्ण करारावर असतात, काहींना थोडेफार मानधन मिळते, तर उरलेल्या खेळाडूंचे पोट नोकरीवर चालते आणि फुटबॉल त्या नोकरीच्या वेळेनंतर खेळतात. महाराष्ट्रात रेल्वे, पोलीस किंवा बँकांच्या संघांतून कबड्डी-खोखो खेळणाऱ्या खेळाडू ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे समजायला जड जाणार नाही. फरक असा, की आपल्याकडे क्रीडा कोट्यातली नोकरी बहुधा ज्या संस्थेची जर्सी घालायची त्याच संस्थेत असते. जपानमध्ये मात्र दोन पद्धती शेजारीशेजारी वाढल्या. एका पद्धतीत कंपनी स्वतःच संघ चालवते आणि खेळाडू तिच्याच कर्मचारी असतात. दुसऱ्या पद्धतीत क्लब स्वतंत्र असतो आणि गावातले प्रायोजक, म्हणजे दुकाने, रुग्णालये, हॉटेले, खेळाडूंना आपल्याकडे कामाला घेतात. या लीगचा सारा इतिहास म्हणजे पहिल्या पद्धतीकडून दुसरीकडे झालेला, बराच वेदनादायक प्रवास आहे, असे मला वाटते.

२. ही लीग कधी आणि कशासाठी सुरू झाली?

१९८९ मध्ये, सहा संघांनिशी. जपानमध्ये महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली होती आणि पुढच्याच वर्षी पहिली अखिल जपान स्पर्धा भरली होती; मात्र त्या स्पर्धेत एका बाजूला आठच खेळाडू असत आणि प्रत्येक डाव २५ मिनिटांचा असे. बायकांना पूर्ण वेळ, पूर्ण मैदानावरचा खेळ झेपेल की नाही, अशी शंका तेव्हा संयोजकांनाच होती. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला फुटबॉलचा प्रथमच समावेश होणार हे ठरले आणि चित्र बदलले. वर्षातून एकदा भरणाऱ्या बाद फेरीच्या स्पर्धेवर राष्ट्रीय संघ घडत नाही; त्यासाठी आठवड्यामागून आठवडा चालणारे सामने लागतात. म्हणून लीग आली. बीजिंगमध्ये जपानला रौप्यपदक मिळाले. लीगचे पहिले विजेतेपद शिमिझुच्या संघाने पटकावले आणि त्यानंतर सलग चार वर्षे टोकियोच्या योमिउरी बेलेझा संघाने ते आपल्याकडे ठेवले.

३. एल लीग, नादेशिको लीग, मोकनादेशिको लीग, प्लेनस नादेशिको लीग या वेगवेगळ्या लीग आहेत का?

नाहीत. जपान महिला फुटबॉल लीग ही एकच संस्था असून ही सारी तिची वेळोवेळची प्रचलित नावे आहेत. १९९४ पासून तिला एल लीग म्हणू लागले, २००४ मध्ये नादेशिको लीग हे नाव आले, आणि मोक किंवा प्लेनस ही त्या त्या काळातील मुख्य प्रायोजकांची नावे आहेत. चॅलेंज लीग ही खालची श्रेणी होती. डब्ल्यूई लीग मात्र खरोखरच वेगळी आहे. तिच्यासाठी प्रश्न ११ पाहावा.

४. ‘नादेशिको’ या शब्दाचा अर्थ काय?

नादेशिको हे नाजूक, झालरीसारख्या पाकळ्यांचे गुलाबी रानफूल आहे. ‘यामातो नादेशिको’ ही आदर्श, शालीन जपानी स्त्रीसाठी वापरली जाणारी जुनी उपमा. राष्ट्रीय संघासाठी २००४ मध्ये लोकांकडून नावे मागवली गेली आणि त्यातून ‘नादेशिको जपान’ हे नाव निवडले गेले. मैदानावर घसरून चेंडू काढणाऱ्या मुलींना हे नाव मिळाल्यामुळे त्या शब्दाचा अर्थच थोडा रुंदावला, असे म्हणायला हरकत नाही.

५. नव्वदच्या दशकात युरोप-अमेरिकेतील नामांकित खेळाडू जपानमध्ये खेळत होत्या, हे खरे का?

खरे आहे. नॉर्वेच्या १९९५ च्या विश्वविजेत्या संघातील हेगे रीसे आणि लिंडा मेडालेन या दोघी निक्को सिक्युरिटीज ड्रीम लेडीज संघातून खेळल्या, तर कॅनडाची शार्मेन हूपर प्रिमा हॅम कुनोइची संघात होती. युरोपात तेव्हा महिला फुटबॉलमध्ये जगण्यापुरतेही पैसे मिळत नसत आणि अमेरिकेत व्यावसायिक लीग अजून सुरू व्हायची होती. त्यामुळे चांगल्या पगाराचे ठिकाण म्हणजे जपान, अशी स्थिती होती. हा पैसा प्रेक्षकांच्या तिकिटांतून येत नव्हता. तो रोखे दलाली, मांस प्रक्रिया, बांधकाम, इलेक्ट्रॉनिक्स अशा क्षेत्रांतील कंपन्यांच्या जाहिरात आणि कर्मचारी कल्याणाच्या तरतुदींतून येत होता. १९९४ चे विजेतेपद मात्सुशिता, १९९५ चे प्रिमा हॅम आणि नंतरची तीन निक्को, अशी ती यादी एखाद्या शेअर बाजाराच्या पानासारखी वाचता येते. इमारत दिमाखदार होती. पण प्रत्येक संघ एकाच खांबावर उभा होता.

६. मग १९९८ मध्ये नेमके काय झाले?

तो खांब काढून घेतला गेला. शेअर आणि जमिनींच्या किमतींचा फुगवटा फुटल्यानंतर जपानी अर्थव्यवस्था वर्षानुवर्षे सावरली नव्हती, त्यात आशियाई आर्थिक संकट आले आणि कंपन्यांनी पहिली कात्री खेळावर चालवली. १९९८ च्या हंगामानंतर दहापैकी चार संघांनी गाशा गुंडाळला. त्यांत सलग तीन वेळा विजेता ठरलेला निक्कोचा संघ होता आणि लीगचा पहिला विजेता असलेला शिमिझुचा संघही होता. म्हणजे मैदानावर हरल्यामुळे हे संघ गेले नाहीत, जिंकूनही गेले. १९९९ चे विजेतेपद प्रिमा हॅम कुनोइचीने मिळवले आणि त्याही कंपनीने त्यानंतर संघाची मालकी सोडली.

याच सुमारास राष्ट्रीय संघ १९९९ च्या विश्वचषकात गटातच बाद झाला आणि त्यामुळे २००० च्या सिडनी ऑलिंपिकची संधीही हुकली. ऑलिंपिक नाही म्हणजे वृत्तपत्रांत बातमी नाही, बातमी नाही म्हणजे प्रायोजक नाही, असे ते चक्र होते.

७. लीग बंद कशी पडली नाही?

खर्च कमी करून, आणि गावांच्या आधाराने. २००० पासून संघांची पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी करून प्रवासाचा खर्च खाली आणला गेला; लांबच्या प्रवासाचे रेल्वेभाडे हा छोट्या क्लबच्या अंदाजपत्रकातील मोठा आकडा असतो. अधिक महत्त्वाचे म्हणजे कंपन्या गेल्या तेथे गावे पुढे आली. मिए प्रांतातील इगा हे निंजांचे म्हणून ओळखले जाणारे गाव, आणि ‘कुनोइची’ म्हणजे स्त्री निंजा. कंपनी बाजूला झाल्यावर तेथील संघ ‘इगा एफसी कुनोइची’ या नावाने गावाचा संघ म्हणून चालू राहिला आणि आजही चालू आहे. ओकायामा प्रांतातील मिमासाका येथील युनोगो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात २००१ मध्ये ‘युनोगो बेल’ हा संघ उभा राहिला. आया मियामा ही जगातील उत्तम मध्यरक्षकांपैकी एक खेळाडू याच संघाची. साइतामा रेइनास हा २००४ चा विजेता संघ पुढच्याच वर्षी पुरुषांच्या उरावा रेड्स क्लबच्या छत्राखाली गेला.

आणि मग २४ एप्रिल २००४ चा दिवस आला. अथेन्स ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर जपानने उत्तर कोरियाला ३-० असे हरवले, तेव्हा प्रेक्षकांची संख्या ३१,३२४ होती. काही शेकडा प्रेक्षकांसमोर खेळण्याची सवय असलेल्या खेळाडूंनी तो गोंगाट प्रथमच ऐकला. त्याच वर्षी लीगमध्ये दोन श्रेणी आणि त्यांच्यात बढती-पदावनती सुरू झाली.

८. नोकरी आणि खेळ यांची सांगड रोजच्या दिवसात कशी बसते?

साधारण वेळापत्रक असे असते : सकाळी कामावर हजर, दुपारी तीन-चारपर्यंत काम, मग प्रवास, आणि सायंकाळी दिव्यांच्या उजेडात दोन तास सराव. घरी जेवायला बसेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. शनिवारी किंवा रविवारी सामना असतो आणि तो परगावी असला तर सोमवारी सकाळी पुन्हा कामाची जागा गाठायची असते. नोजिमा या इलेक्ट्रॉनिक्स विक्रेत्या कंपनीच्या संघातील खेळाडू याच कंपनीच्या दुकानांत काउंटरवर उभ्या राहत. सकाळी ग्राहकाला धुलाई यंत्राच्या दोन नमुन्यांतला फरक समजावून देणारी मुलगी संध्याकाळी बचावफळीत उभी असे.

या व्यवस्थेचे काही फायदेही आहेत, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. खेळ थांबल्यावर हातात काम राहते, सहकारी आणि ग्राहक सामना पाहायला येतात, आणि खेळाडू गावात नावानिशी ओळखली जाते. परंतु थकवा, दुखापतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळणे आणि राष्ट्रीय शिबिरासाठी रजा मागण्याची वेळ येणे, ही तिची किंमत आहे. दिवसभर उभे राहून काम केल्यावर पायांना जो जडपणा येतो, तो कोणत्याही प्रशिक्षकाच्या योजनेत धरलेला नसतो.

९. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राशी जोडलेला एक संघ होता, असे वाचले. त्याचे पुढे काय झाले?

त्या संघाचे नाव ‘टेप्को मारीझे’. टेप्को म्हणजे टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनी. मुळात हा वायकेके एपी या कंपनीचा ‘फ्लॅपर्स’ नावाचा संघ होता आणि २००५ च्या हंगामापासून तो टेप्कोकडे आला. सराव फुकुशिमा प्रांतातील जे-व्हिलेज या प्रशस्त फुटबॉल केंद्रात चाले आणि खेळाडू वीजकेंद्रांच्या कार्यालयांत काम करत. एका अर्थाने लीगमधील सर्वांत स्थिर नोकरी त्यांची होती.

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर अणुकेंद्रात अपघात झाला. जे-व्हिलेजच्या मैदानांवर आपत्ती निवारणाचा तळ उभा राहिला, हिरवळीवर वाहने आणि साहित्य आले. मारीझे संघाचे कामकाज थांबले, तो हंगाम उरलेल्या नऊ संघांनीच खेळला आणि पुढे कंपनीने संघ सोडला. खेळाडू वाऱ्यावर पडू नयेत म्हणून २०१२ मध्ये सेंदाई शहरातील वेगाल्ता क्लबने महिला संघ स्थापन करून मारीझेच्या खेळाडूंना त्यात घेतले. त्या संघाने खालच्या श्रेणीतून सुरुवात केली आणि पहिल्याच वर्षी बढती मिळवली. आज हाच संघ ‘मायनावी सेंदाई’ म्हणून डब्ल्यूई लीगमध्ये आहे. २०२३ च्या विश्वचषकात पाच गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारी हिनाता मियाझावा तेव्हा याच सेंदाईची खेळाडू होती. एका संघाने चार जर्सी बदलल्या, पण धागा तुटला नाही. या लीगच्या इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट मला हीच वाटते.

१०. २०११ चा विश्वचषक अर्धव्यावसायिक खेळाडूंनी जिंकला, हे म्हणणे बरोबर आहे का?

बऱ्याच अंशी बरोबर आहे. फक्त सरसकट म्हणू नये. १७ जुलै २०११ रोजी फ्रँकफर्टमध्ये अमेरिकेविरुद्धचा अंतिम सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि जपानने पेनल्टींवर ३-१ असा विजय मिळवला. २१ जणींच्या त्या संघात चौघी परदेशातील क्लबांत होत्या आणि १७ जणी नादेशिको लीगमधल्या. त्या १७ जणींत करारबद्ध व्यावसायिक खेळाडूही होत्या आणि नोकरी करणाऱ्याही. उपांत्यपूर्व फेरीत यजमान जर्मनीविरुद्ध जादा वेळेत एकमेव गोल करणारी करिना मारुयामा पूर्वी मारीझेकडून खेळली होती आणि त्या काळात वीजकंपनीत नोकरीला होती.

विजयानंतर लीगचे मैदान भरू लागले. एकट्या इनाक कोबे संघाच्या सात खेळाडू विश्वविजेत्या संघात होत्या. बेलेझा ज्या ‘वर्दी’ नावाच्या क्लबचा भाग होता, त्याची आर्थिक ओढाताण सुरू असताना राष्ट्रीय संघाची कर्णधार होमारे सावा बेलेझा सोडून त्याच वर्षी कोबेला आली होती. कोबेच्या एका सामन्याला तर त्या हंगामात २० हजारांहून अधिक प्रेक्षक आले. ही लाट टिकली नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी जपान पात्र ठरू शकला नाही, तोवर प्रेक्षकसंख्या बरीच ओसरली होती. विश्वविजेतेपदाने प्रेक्षक आणले, पण त्यांना दर आठवड्याला परत आणण्यासाठी लागणारी पूर्णवेळ माणसे क्लबांकडे नव्हती. कार्यालयात दोन-तीन जण, तेही इतर कामे सांभाळून. मला हे अपयश खेळाडूंचे वाटत नाही.

११. डब्ल्यूई लीग म्हणजे काय? ती नादेशिको लीगचेच नवे नाव आहे का?

नाही. ही २०२० मध्ये जाहीर झालेली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ११ संघांनिशी सुरू झालेली जपानची पहिली व्यावसायिक महिला लीग आहे. डब्ल्यूई ही ‘विमेन एम्पॉवरमेंट’ची आद्याक्षरे असून उच्चार ‘वी लीग’ असा करतात. तिच्या पहिल्या अध्यक्ष किकुको ओकाजिमा या स्वतः जुन्या पिढीतील खेळाडू. क्लबांसमोर ज्या अटी ठेवल्या, त्यांतून मागील तीस वर्षांची शिकवण दिसते : प्रत्येक संघात किमान १५ व्यावसायिक करार, किमान वार्षिक वेतन २७ लाख येन, क्लबच्या कारभारात ठरावीक मुदतीत निम्म्या स्त्रिया, आणि लहान मुलांच्या आईवडिलांना सामना पाहता यावा यासाठी मुले सांभाळण्याची सोय. पहिले विजेतेपद इनाक कोबेने मिळवले, पुढची दोन उरावाने. हंगामही युरोपप्रमाणे शरदात सुरू होऊन वसंतात संपतो.

१२. मग नादेशिको लीग आता कोणासाठी आहे?

ज्या क्लबांना पूर्ण व्यावसायिक होणे परवडत नाही किंवा व्हायचे नाही, त्यांच्यासाठी. आणि माझ्या मते तिचे खरे रूप आताच स्पष्ट झाले आहे. पहिल्या विभागात १२ संघ आहेत, खाली दुसरा विभाग आहे आणि हंगाम वसंतापासून शरदापर्यंत चालतो. प्रश्न १ मधील दुसरी पद्धत येथे पूर्ण रुजलेली दिसते. चिबा प्रांतातील कामोगावा या समुद्रकाठच्या शहरात ‘ओर्का कामोगावा’ संघाच्या खेळाडू तेथील मोठ्या रुग्णालयात काम करतात. मियाझाकी प्रांतातील शिंतोमी या शेतीच्या गावातील ‘व्हियामातेरास मियाझाकी’ संघाने गाव सावरण्याच्या सरकारी योजनेचा आधार घेतला. तरुण माणसे शहराकडे गेलेल्या गावात वीस-बावीस वर्षांच्या मुली राहायला आल्या, हीच त्या गावासाठी मोठी गोष्ट होती. येथे एक कंपनी गेली तरी संघ बुडत नाही, कारण भार अनेकांच्या खांद्यांवर वाटलेला असतो.

१३. नादेशिको लीग जिंकणारा संघ आपोआप डब्ल्यूई लीगमध्ये जातो का?

जात नाही. डब्ल्यूई लीग सुरू करताना तिच्यातील प्रवेश मैदानावरील क्रमांकावर ठेवलेला नाही. स्टेडियम, आर्थिक स्थिती आणि प्रश्न ११ मधील अटी तपासून ठरवला जातो. २०२१ मध्ये इगाने नादेशिको लीगच्या पहिल्या विभागाचे विजेतेपद मिळवले आणि पुढच्या वर्षी तो संघ त्याच विभागात खेळला. उलट, सेरेझो ओसाका २०२३-२४ च्या हंगामात अर्ज मंजूर होऊन बारावा संघ म्हणून वर गेला. नादेशिको लीगच्या दोन विभागांमध्ये मात्र बढती-पदावनती आहे. दोन्ही लीगचे संघ एकमेकांसमोर येतात ते सम्राज्ञी चषकात. प्रश्न २ मधील जुन्या अखिल जपान स्पर्धेचेच हे आजचे नाव.

१४. शाळकरी मुलगी या लीगमध्ये खेळू शकते का? विद्यापीठाचा संघ?

दोन्ही शक्य आहे आणि दोन्हींची उदाहरणे आहेत. होमारे सावा वयाच्या १२ व्या वर्षी बेलेझाच्या मुख्य संघात आली आणि १५ व्या वर्षी राष्ट्रीय संघातील पदार्पणातच तिने फिलिपिन्सविरुद्ध चार गोल केले. योकोहामातील निप्पॉन क्रीडा विज्ञान विद्यापीठाचा संघ क्लबच्या नावाने लीगमध्ये खेळत आला आहे. अशा खेळाडूंच्या बाबतीत नोकरीची जागा शिक्षण घेते, एवढाच फरक.

१५. डब्ल्यूई लीगमधील प्रत्येक खेळाडू व्यावसायिक असते का?

नाही, आणि येथेच पुष्कळांची गफलत होते. १५ ही करारांची किमान संख्या आहे. संघ त्याहून मोठा असतो. उरलेल्या जागांवर हौशी नोंदणी असलेल्या खेळाडू, विद्यार्थिनी किंवा क्लबच्या युवा संघातून वर आलेल्या मुली असू शकतात. म्हणून व्यावसायिक लीगमध्येही सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात बसणारी खेळाडू आढळते, आणि अर्धव्यावसायिक लीगमध्ये पूर्ण करारावरची.

१६. पुण्यात २०२२ मध्ये खेळलेला जपानचा संघ अर्धव्यावसायिक होता का?

तेव्हा नव्हता, पण त्यातील बहुतेकींची जडणघडण नादेशिको लीगमध्ये झालेली होती. तोपर्यंत डब्ल्यूई लीगचा पहिला हंगाम सुरू झाला होता आणि संघात त्या लीगच्या व युरोपातील क्लबांच्या खेळाडू होत्या. बालेवाडीत जपानने म्यानमारला ५-० आणि व्हिएतनामला ३-० असे हरवले, दक्षिण कोरियाशी १-१ अशी बरोबरी केली. नवी मुंबईत थायलंडवर ७-० असा विजय मिळवला आणि त्यात उरावाच्या युइका सुगासावाने चार गोल केले. उपांत्य सामन्यात, पुन्हा बालेवाडीतच, चीनने त्यांना पेनल्टींवर हरवले. सुगासावा किंवा कर्णधार साकी कुमागाई यांच्या वयाच्या खेळाडूंनी लीगमध्ये पाऊल ठेवले, तेव्हा त्यांच्या शेजारी सरावाला उभी राहणारी सहकारी बहुधा दिवसभराचे काम संपवून आलेली असे.